पळणाऱ्यालाही वाचता यावं

१२ जानेवारी

ताई,

माझं सगळं बदललं ते तिने ऑर्गनचं झाकण मिटलं त्या क्षणी. तू पहिल्याच रांगेत होतीस, तुला आठवत असेल. मी व्यासपीठावर. पाळक होण्याच्या कॉलेजातला तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, उमेदवारीचं पहिलं प्रवचन, विषय बायबलातला संदेष्टा हबक्कूक. अगदी रंगात आलो होतो. रक्तावर शहर उभारणाऱ्याला संदेष्टा काय सुनावतो ते मी सांगत होतो आणि सांगता सांगता माझं बोट कसं कोण जाणे तिच्या कंत्राटदार वडिलांकडे वळलं. मी आमेन म्हणतोय न म्हणतोय तोच तिने झाकण मिटलं. धप्प. चर्चमधल्या साऱ्या मंडळीने ऐकलं. जिच्यासाठी मी दर शनिवारी, गळ्यात सूर नसताना, गाण्यांच्या सरावाला येऊन बसायचो तिने मला असं सगळ्यांदेखत बंद केलं. मी व्यासपीठावरून उतरलो तो थेट स्टेशनवर. कॉलेज गेलं खड्ड्यात.

आता तुझं पत्र. ते वाचून मी एवढ्याने हसलो की उस्तादांचा ब्रश घसरला आणि एका दंतवैद्याच्या पाटीवरच्या दाढेला शेपूट फुटलं. म्हणे मंडळीचं नवं सभागृह तयार झालं, वेदीमागच्या भिंतीवर वचन रंगवायचं आहे, आणि पंचांना आठवण कोणाची झाली, तर माझी! ज्या पंचांनी मी गेल्यावर सुटकेचा निःश्वास टाकला असेल, त्यांना आता माझं अक्षर आवडायला लागलं!

आणि वचन कोणतं? नीतिमान माणूस विश्वासाने जगतो. सोनेरी रंगात. हबक्कूकाचंच! ताई, हा विनोद तुझा की दाजींचा? तुझा नवरा म्हणून मी त्यांना मान देतो, मंडळीचे पाळक म्हणूनही देतो, पण एवढं त्यांना विचार: सभागृह बांधलं कोणी? कंत्राटदाराने. जागा कोणाची? कंत्राटदाराची. पहिल्या रांगेतली गादीची खुर्ची कोणासाठी? आणि त्या खुर्चीच्या डोक्यावर विश्वासाचं वचन लिहिणार कोण? ज्याने त्या खुर्चीकडे बोट दाखवलं तो!

मी इथे बरा आहे. दुकानाच्या वर एक खोली आहे, तिला खिडकी नाही, पण टर्पेंटाइनच्या वासाने झोप छान लागते. दुकानांच्या पाट्या रंगवतो. उस्ताद म्हणतात, अक्षर सरळ काढ, अर्थाचं गिऱ्हाईक बघून घेईल. कॉलेजातल्या सगळ्या प्राध्यापकांपेक्षा हा माणूस खरं बोलतो, निदान अर्थाशी आपलं देणंघेणं नाही हे कबूल तरी करतो.

येणार नाही. पंचांना सांग, गावात रंगारी पुष्कळ आहेत.

तिचं काही विचारत नाही, हे लक्षात घे.

तुझा
भाऊ


१९ जानेवारी

तोफखान्यास सलाम.

दाढेला शेपूट फुटल्याचं दाजींना वाचून दाखवलं, खूप हसले. पुढचं वाचायच्या आधी मला स्वयंपाकघरात काहीतरी जळाल्याचा वास आला.

तिचं काही विचारत नाहीस हे लक्षात घेतलं. चार पानांत तिचा विषय पहिल्या ओळीत आणि शेवटच्या ओळीत, मधे मंडळी. तुझ्या प्रवचनाचीही हीच गत होती रे.

आता मुद्द्याचं. पंचांनी तुझं नाव घेतलं असं मी लिहिलं होतं. असू दे, कोणीतरी घेतलं. तू ये. वेदीमागच्या भिंतीला एक बारीकशी भेग आहे, वरच्या तुळईपासून खाली उतरलेली. कंत्राटदार म्हणतात नवी भिंत आहे, बसते आहे, सगळ्याच भिंती बसतात. दाजींना वाटतं वचन नेमकं त्या जागी यावं. अक्षरं जाडजूड असली की उद्घाटनाला लोकांची नजर भेगेवर जायची नाही. 'भिंतीवर विश्वास ठेवा असं थोडंच लिहितोय आपण,' असं म्हणून ते हसले. मग स्वतःच विषय बदलला. अलीकडे ते असेच मधेच विषय बदलतात.

उद्घाटन फेब्रुवारीच्या बाविसाव्या तारखेला, रविवारी. प्रवचनाला तुझा तो वर्गमित्र येतोय, ज्याला तू गुळगुळीत म्हणायचास. त्याने कॉलेज पूर्ण केलं हो. आवाजही कमावलाय. आणि ऐकते की त्या दिवशी कंत्राटदार मुलीबद्दल काहीतरी जाहीर करणार आहेत. काय ते ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी तुला लिहिलं नसतं, कारण तू अर्धंच वाचून पेटतोस.

ऑर्गनवाली बरी आहे. थोडी वाळलीय. जुन्या खोलीत वाजवते, पण तुझ्या प्रवचनानंतर बरेच रविवार झाकण उघडायच्या आधी क्षणभर तसाच हात ठेवून बसायची. मी पहिल्या रांगेत असते, मला दिसतं.

ब्रश घेऊन ये. भांडण इथे आल्यावर मिळेल.

ताई


२४ जानेवारी

ताई,

म्हणजे ठरलं तर!

गुळगुळीत आणि ती. वा. प्रवचन त्याचं, ऑर्गन तिचा, सिमेंट सासऱ्याचं, आणि मागे सोनेरी अक्षरात विश्वास. फोटो किती छान येईल! तो कॉलेजात परीक्षेच्या आधी प्रार्थना करायचा आणि परीक्षेनंतर प्राध्यापकांच्या घरी भाजी पोचवायचा. त्याच्या तोंडून कधी कडू शब्द निघाला नाही, कारण गोड बोलल्याशिवाय त्याला दात घासता येत नाहीत.

मी येतो. कळव पंचांना. रंग त्यांचाच वापरीन. पण ऐक मी काय रंगवणार आहे.

तुम्ही लोकांनी हबक्कूकाचं अर्धं वाक्य उचललंत. अर्धं! पूर्ण वाक्य सुरू होतं गर्विष्ठ माणसापासून: बघा हा, आतून फुगलेला, ज्याचा जीव सरळ नाही. मग येतो नीतिमान. प्रेषित पौलाने आपल्या पत्रात शेवटचा तुकडा घेतला तो त्याच्या कामासाठी. तेव्हापासून आपण सगळे तोच तुकडा चघळतोय. नीतिमान विश्वासाने जगतो, म्हणजे काय, तर रविवारी येऊन बसा, मान डोलवा, घरी जा. तो बिचारा संदेष्टा देवाशी भांडत होता, ताई! किती दिवस ओरडू, तू ऐकत का नाहीस, असं तोंडावर विचारत होता. देव म्हणाला, बरं, मी खास्द्यांना, त्या परक्या लुटारूंना, पाठवतो. तेव्हा हा म्हणाला, ते तर आमच्याहून वाईट! आणि बुरुजावर जाऊन उभा राहिला, देव काय उत्तर देतो बघू म्हणून. असा माणूस आज आपल्या मंडळीत आला तर पंच त्याला सांगतील, भाऊ, सभेनंतर चहाच्या वेळी बोलू.

आणि पुढचे पाच धिक्कार? ते कोणत्या भिंतीवर रंगवलेले पाहिलेस? त्यातला एक तर अगदी मापाने शिवलेला आहे. जो आपलं घर अन्यायाने उभारतो, त्याच्या भिंतीतला दगड ओरडेल आणि लाकडाची तुळई त्याला उत्तर देईल. प्रभू येशू गाढवावर बसून शहरात शिरला तेव्हा लोकांना गप्प करा म्हणणाऱ्यांना तोही हेच म्हणाला होता, हे गप्प झाले तर दगड ओरडतील. आणि तुमच्या भिंतीला भेग पडलीच आहे! दगडाने तोंड उघडलंय आणि तुम्ही त्यात सोनेरी रंग कोंबताय!

ते वचन मी रंगवीन. पुरुषभर उंचीच्या अक्षरांत. खाली कंत्राटदाराचं नाव, म्हणजे कोणाला शंका नको. रविवारी पडदा बाजूला होईल, गुळगुळीत तोंड उघडेल आणि मंडळी वाचत बसेल. देवाने संदेष्ट्याला सांगितलं होतं ना, पाटीवर असं ठळक लिही की पळणाऱ्यालाही वाचता यावं? ते काम आता मला येतं. कॉलेजात नव्हतं येत.

तिला सांग, झाकण घट्ट मिटून ठेव. मी येतोय.

भाऊ


३१ जानेवारी

तोफखाना म्हणून हाक मारायचा अधिकार तुझ्या ताईचा. मी नुसतंच लिहिते.

तुझं पत्र ताईंनी मला दाखवलं. रागावू नकोस त्यांच्यावर, मीच मागितलं. तुझं नावसुद्धा पंचांनी नाही, मी घेतलं होतं. ताईंना म्हटलं, माझं सांगू नका, नाहीतर तो नवऱ्यामुलासारखा येईल. तर तू आता यमदूतासारखा येतोयस. तुला मधलं काही जमतच नाही का?

एक. माझं लग्न ठरलेलं नाही. तुझ्या गुळगुळीतशी तर नाहीच, तो माझ्याशी बोलताना स्वतःच्याच आवाजाकडे कान देऊन असतो. बाबा जाहीर करणार आहेत तो नवा ऑर्गन. माझ्यासाठी आणलाय त्यांनी. वेदीमागच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. माझ्या दोन्ही बाजूंना लेकरांचा गायकवृंद उभा राहणार, दर रविवारी.

दोन. ती भेग ताईंनी लिहिली तशी बारीक नाही. त्यांनी खालून पाहिली आहे. पहिल्यांदा माझं नख जात होतं, आता करंगळी जाते. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, भिंती तू बांधतेस की मी? पंचांना सांगितलं. ते म्हणाले, तू ऑर्गन छान वाजवतेस. तुझ्या दाजींना सांगितलं, ते म्हणाले प्रार्थना करू, आणि केलीसुद्धा, डोळे मिटून. मी उघडे ठेवले होते. मला भेग दिसत होती.

मग मला वाटलं, आपल्या ओळखीत एकच माणूस आहे जो ओरडायला लाजत नाही. म्हणून तुला बोलावलं. तुझं ते ओरडणं एकदा कामी येऊ दे.

तीन. झाकण. सहा महिने तू त्या झाकणावर काय काय इमले बांधलेस! अरे, हबक्कूकाचा शेवटचा अध्याय गाणं आहे. खाली लिहिलंय, गायकांच्या पुढाऱ्यासाठी, तंतुवाद्यांच्या साथीने. तू त्याच्यावर प्रवचन करणार म्हणून मी ते बसवलं होतं. अंजिराला बहर नाही, वेलीला फळ नाही, मेंढवाडा रिकामा, तरीही मी आनंद करीन. तेवढंच. तुला सांगितलं नव्हतं. बोटं पट्ट्यांवर ठेवून बसले होते, तू तिथे पोचशील म्हणून. तू पाच धिक्कारांवर आलास, बाबांकडे बोट केलंस आणि तिथेच आमेन! पुढचा अध्याय तुला नकोच होता. मग झाकण उघडं ठेवून काय करू? मिटलं. हातातून निसटलं म्हणून आवाज झाला.

आमच्याकडे अर्धं वाक्य आहे म्हणतोस. तुझ्याकडेही अर्धाच संदेष्टा आहे की.

चार, आणि हे नीट वाच. बाबा माझे आहेत. त्यांचं नाव त्या भिंतीवर लिहिलंस तर मी तुझं तोंड बघणार नाही. आणि भेग रंगवून गप्प बसलास, तरी बघणार नाही.

आता ठरव काय करायचं ते.

मी


२० फेब्रुवारी, शुक्रवार

भावा,

डब्यासोबत चिठ्ठी पाठवतेय, कारण घरात मोठ्याने बोलायची सोय राहिलेली नाही. तू गावात आलायस आणि एकाच रस्त्यावर राहून आपण पत्रं लिहितोय, आई असती तर तिने दोघांचेही कान उपटले असते.

काल तू पंचांसमोर जे बोललास त्यानंतर ते सगळे आमच्याकडे आले. भिंत पाडा म्हणालास ते एक, पण 'तुमच्या विश्वासाला पुट्टी लागते' हे म्हणायची काय गरज होती? ते वाक्य घेऊन ते आमच्या बैठकीत तासभर बसले. कंत्राटदार आले नाहीत, पण निरोप आला. रविवारी काही गडबड झाली तर मंडळीला नवा पाळक शोधावा लागेल. तिला त्यांनी मावशीकडे पाठवलंय, पुढच्या गावी. रविवारी सकाळच्या गाडीने थेट वाजवायला येईल.

दाजी जेवले नाहीत. म्हणाले, एवढा एक रविवार जाऊ दे, सोमवारी मी स्वतः इंजिनिअर आणतो. मी म्हटलं, एवढा एक रविवार तर सगळेच मागतात. मग आम्ही भांडलो. पण हे घर मंडळीचं आहे रे. ते गेलं तर आम्ही सामान कुठे ठेवायचं, मुलांची शाळा कुठे?

म्हणून सांगते. ठरलेलं वचन रंगव. भेग बुजव, अक्षरं काढ, आणि उस्तादांकडे परत जा. एवढ्या वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे मागते.

डबा खालपर्यंत खा. शेवटच्या खणात सभागृहाची किल्ली आहे, दाजींच्या खुंटीवरची. ती मी डब्यात का ठेवली ते मला विचारू नकोस. चिठ्ठीत लिहिलंय ते लिहिलंय.

ताई


२२ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

तुला काय म्हणून हाक मारावी हे सहा महिन्यांत ठरलं नाही, तेव्हा मीही नुसतंच लिहितो.

मी नव्या सभागृहात, तुझ्या नव्या ऑर्गनच्या बाकावर बसून लिहितोय. झाकण मिटलेलं आहे, त्याच्यावर कागद ठेवलाय. बाहेरचं दार सताड उघडं ठेवलंय, का ते शेवटी सांगतो.

मी आलो तेव्हा डोक्यात धिक्कारच होता, तुझं पत्र खिशात असूनसुद्धा. परांची बांधली, वर चढलो. उस्तादांची पद्धत आहे, भेगेवर रंग चढवायच्या आधी पुट्टी भरायची आणि आडवी कागदाची पट्टी चिकटवायची. कागद शाबूत राहिला तर भिंत बसली, फाटला तर भिंत चालतेय. मी वरपासून खालपर्यंत पट्ट्या चिकटवल्या. सकाळी पाहतो तो एकूण एक फाटलेल्या. पुन्हा चिकटवल्या, पुन्हा फाटल्या. आणि वर तुळई भिंतीत जिथे टेकते, तिथे आता भिंत आणि तुळई यांच्यामधे माझ्या ब्रशचा दांडा आडवा जातो. खालून यातलं काही दिसत नाही. संदेष्टा बुरुजावर का चढला हे मला तिथे कळलं. कॉलेजात आम्ही त्याच्यावर निबंध लिहिला होता, मला सर्वांत जास्त गुण होते. हसू नकोस.

पंचांना मी वर बोलावलं. एकाचा गुडघा दुखत होता, दुसऱ्याने नवे कपडे घातले होते, तिसऱ्याला उंचीची भीती. चौथा म्हणाला, 'आमचा विश्वास आहे.' तेव्हा मी ते पुट्टीचं वाक्य बोललो. बोलायला नको होतं म्हणे ताई. मला अजूनही ते चांगलंच वाटतं.

काल दुपारी गुळगुळीत आला, आवाज घुमतो का ते बघायला. व्यासपीठावरून दोनदा 'प्रियजनहो' म्हणून झाल्यावर त्याने वर पाहिलं.

'वचन कुठाय रे?'

'वर.'

'वर तर नुसते कागद दिसतायत.'

'तेच वाच.'

'फाटलेत सगळे.'

'मग वाचलंस की.'

मग म्हणाला, 'बघ, माझं प्रवचन तयार आहे, छापूनही झालंय,' आणि गेला. जाताना भिंतीपासून लांबून गेला. या माणसावर मी इतके दिवस जळत होतो!

मग तुझे बाबा आले. एकटे. मी खरंच तयारीत होतो. पाचही धिक्कार जिभेवर होते.

म्हणाले, 'पोरा, तू रंगारी की इंजिनिअर?'

'रंगारी. म्हणून तर भिंतीला हात लावून बोलतोय. वर या, दाखवतो.'

'मी खालून बघतो. बांधलीय मी.'

'खालून सगळंच सरळ दिसतं.'

ते तापले. 'तुला काय वाटतं, पडेल असं बांधीन मी? माझी पोरगी रोज बसणार आहे इथे! मी काय तिला...'

तिथे थांबले. मी काही बोललो नाही. मला माहीत आहे, विश्वास बसणार नाही तुझा, पण नाही बोललो. ते उगाच ऑर्गनवरची धूळ पुसत राहिले. धूळ नव्हतीच. मग जाता जाता दोन्ही हातांनी ऑर्गन भिंतीपासून हातभर पुढे ओढला. 'आवाज चांगला येतो,' म्हणाले. माझ्याकडे न बघता गेले.

या माणसाचं नाव पुरुषभर अक्षरांत लिहायला मी गाडीभाडं खर्चून आलो होतो. आणि हा आपल्याच भिंतीपासून आपल्या मुलीला हातभर लांब ओढतोय, आणि ते स्वतःलाही सांगत नाहीये. त्याच्यात आणि 'आमचा विश्वास आहे' म्हणणाऱ्या पंचात फरक एवढाच की याचे हात खरं बोलले. धिक्कार जिभेवर होता तो तिथेच सुकला. पंचांसाठी थोडा ठेवलाय अजून.

दाजींनीच मला शिकवलं होतं की संदेष्ट्याने विश्वासासाठी जो जुना शब्द वापरला, तो मोशेच्या हातांसाठीही वापरलेला आहे, लढाई चालू असताना सूर्य मावळेपर्यंत न ढळलेल्या हातांसाठी. म्हणजे विश्वास म्हणजे डोळे मिटून 'पडणार नाही' म्हणत बसणं नव्हे. पाहिलेलं धरून ठेवायचं आणि हात हलू द्यायचा नाही. मंडळीने अर्धं वाक्य उचललं यात काही वाईट नाही, तेवढं अर्धं जरी कोणी खरं केलं असतं तरी पुरे होतं. मी ते वचन भिंतीवर रंगवलं नाही. ज्या भिंतीवर ते खोटं ठरतं तिच्यावर ते रंगवायला मला लाज वाटली.

धिक्कारही रंगवला नाही. तो रंगवला असता तर लोक आत बसून वाचत बसले असते, गादीच्या खुर्चीकडे बघत, आणि ती भिंत त्यांच्या डोक्यावर! मंडळीला न्यायाचं काहीतरी छान ऐकल्याचं समाधानही मिळालं असतं. पळणाऱ्यालाही वाचता यावं असं लिही म्हणजे काय, हे मी इतके दिवस उलटं समजत होतो. मला वाटायचं अक्षर मोठं हवं. अक्षर साधंही हवं. वाचून माणसाला पळता यायला हवं.

आज फटफटताच पंचांच्या सोनेरी रंगाचा डबा उघडला आणि बाहेरच्या दारावर, दोन्ही फळ्यांवर मिळून लिहिलं. हात टेकायला काठी धरली होती, एक रेघ थरथरली नाही. नाव कोणाचं नाही. संदेष्ट्याचंही नाही. फक्त:

आत येऊ नका.
भिंत पडते आहे.

फळ्या आत उघडतात, त्यामुळे दार उघडं असलं की यातलं काही दिसत नाही. रंग सुकावा म्हणून उघडं ठेवलं होतं. आता सुकत आलाय. ताईने दिलेल्या किल्लीने बाहेरून कुलूप लावणार. दुसरी किल्ली तुझ्या बाबांकडे आहे, मला माहीत आहे. त्यांना दार उघडायचं असेल तर मी अडवू शकणार नाही. पण ते वाचून उघडतील. एवढंच माझं काम होतं. संदेष्ट्याचंही एवढंच होतं, पण त्याला कॉलेज सोडावं लागलं नाही.

आता हिशेब ऐक. ताईच्या घरावर मी संकट आणलंय, आणि तिनेच मला किल्ली दिलीय. दाजी अजून बाहेर आलेले नाहीत, त्यांच्या खिडकीचा पडदा मात्र दोनदा हलला. उस्तादांनी निरोप पाठवलाय की न सांगता इतके दिवस राहिलास, आता तिकडेच राहा. अंजीर नाही, वेल नाही, मेंढवाडा रिकामा. तुझ्या बाबांनी आज मला पायरीवरून खाली ढकललं तर तू मधे पडू नकोस, मी गाद्यागिरद्यांवर लोळलेला माणूस नाही. आणि तरीही, का ते विचारू नकोस, सकाळपासून मी काहीतरी गुणगुणतोय. सूर नाही. तुला माहीतच आहे.

जुन्या खोलीतला ऑर्गन तिथेच आहे. लेकरं मावतील, मंडळी दाटीवाटीने मावेल, उरलेली अंगणात उभी राहील. तिसरा अध्याय अजून बसवलेला असेल तर वाजव. मी यावेळी शेवटपर्यंत थांबेन, आणि तोंड उघडणार नाही.

हे पत्र मी पायरीवर उभा राहून तुझ्या हातात देईन. घेतलंस तर घे. नाव लिहिलं नाही आणि गप्पही बसलो नाही. तोंड बघायचं की नाही, ते तू ठरव.

गाडीची शिट्टी ऐकू आली. निघतो. दार लावतो.